वैमानिकाचा व्यवसाय आणि घरचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की ओळखीची माणसे सल्ला विचारावयास येऊ लागतात. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला सर्व अभ्यासक्रमांची, सर्व शुल्कांची आणि सर्व कर्जांची माहिती असलीच पाहिजे, अशी आपल्या समाजाची एक समजूत आहे. आणि ती खोडून काढण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही. पूर्वी हे प्रश्न वैद्यकी आणि इंजिनिअरिंग यांपुरते असत. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "मुलगी पायलट व्हायचे म्हणते आहे. खर्च किती येईल?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर एका आकड्यात देणारा माणस विचारणाराची फसवणूक करतो, असे माझे मत झाले आहे. खर्च किती, याहून तो केव्हा करावा लागतो, त्याची परतफेड केव्हा सुरू होते आणि मधल्या काळात त्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर राहते, या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. त्यांविषयीच आज बोलावयाचे आहे.

हा प्रश्न आजच इतक्या घरांतून का निघू लागला, हे समजण्याजोगे आहे. २०२३ साली आपल्या देशातील एका विमानकंपनीने ४७० विमानांची आणि दुसरीने ५०० विमानांची मागणी नोंदविली. असे आकडे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले की साहजिकच मनात येते की, एवढी विमाने चालवावयास माणसे लागणारच. त्याच पानावर कॅप्टनच्या पगाराचाही आकडा कित्येक लाखांत छापलेला असतो. त्यात असत्य काही नाही. परंतु विमानाची मागणी नोंदविणे आणि ते विमान धावपट्टीवर उतरणे यांत वर्षे जातात; आणि वैमानिकाचा परवाना मिळणे व पहिला पगार हाती पडणे यांतही कित्येकदा वर्षे जातात. या दुसऱ्या अंतराचे व्याज मात्र दर महिन्याला भरावे लागते.

प्रथम परवाना म्हणजे काय ते पाहू. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय, वयाची अठरा वर्षे पूर्ण, पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण, हवाई मार्गदर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या लेखी परीक्षा, रेडिओवरील संभाषणाचा वेगळा परवाना, आणि या सर्वांवर २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण, एवढे झाले म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय व्यावसायिक वैमानिकाचा परवाना देते. या २०० तासांपैकी १०० तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून चालविलेले असावे लागतात, आणि त्यांत ३०० सागरी मैलांहून कमी नाही असा एक लांबचा प्रवासही असावा लागतो. शिक्षणाचे माप असे घड्याळावर मोजले जाणारे व्यवसाय फार थोडे आहेत. वकिलीचा विद्यार्थी चार तास अधिक वाचील तर त्याला काही खर्च पडत नाही. वैमानिकाचा विद्यार्थी एक तास अधिक उडेल तर त्याच्या वडिलांच्या खात्यातून तेवढे पैसे जातात.

किती जातात? आपल्याकडे या शिक्षणास आज साधारणतः ४० ते ६० लाख रुपये लागतात. ४५ लाख हा आकडा धरला आणि तो २०० तासांना वाटला, तर एका तासाचे साडेबावीस हजार रुपये होतात. हा दर ऐकून संस्थाचालकांच्या नफेखोरीकडे बोट दाखविण्याचा मोह होतो; तो पूर्णपणे अयोग्य आहे असे नाही, पण तेवढ्याने उलगडाही होत नाही. लहान विमान परदेशातून आणावे लागते, त्याचे सुटे भाग डॉलर मोजून मागवावे लागतात, ठराविक तासांनंतर इंजिन उघडून तपासावेच लागते, मग ते कितीही चांगले चालत असो. या लहान विमानांना लागणारे पेट्रोलही निराळे. ते आपण कित्येक वर्षे परदेशातून आणीत होतो. बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले या जातीचे पेट्रोल बाजारात आले ते २०२२ मध्ये. रुपया घसरला की धुळ्याच्या किंवा बारामतीच्या धावपट्टीवरील तासाचा दर वाढतो, तो असा.

कित्येक विद्यार्थी हे तास अमेरिकेत, दक्षिण आफ्रिकेत किंवा न्यूझीलंडमध्ये पुरे करून येतात. तेथे हवा बरी असते, विमाने अधिक असतात, तास लवकर भरतात. परंतु शुल्क परकीय चलनात असते आणि परत आल्यावर येथील परीक्षा व चाचण्या देऊन परवाना बदलून घ्यावा लागतो. तो खर्च माहितीपत्रकात सहसा दिसत नाही.

आता समजा, परवाना हाती आला. सोनेरी पट्ट्यांच्या वर्दीतील मुलाचे छायाचित्र काढून झाले, पेढे वाटून झाले. हा परवाना घेऊन त्याला प्रवासी विमान चालविता येते काय? येत नाही. तो ज्या विमानावर शिकला ते दोन-चार माणसांचे, पंख्याचे विमान. एअरबस किंवा बोइंग चालवावयाचे तर त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते, त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात. हे शिक्षण सिम्युलेटर नावाच्या कृत्रिम विमानात होते, आणि त्यास आणखी १५ ते २० लाख रुपये, कधी त्याहूनही अधिक, लागतात. काही कंपन्या निवड झाल्यावर हे शिक्षण देतात आणि त्याबद्दल करारपत्र लिहून घेतात. काही वेळा हा खर्च उमेदवारालाच सोसावा लागतो. आरंभापासून अखेरपर्यंतचे शिक्षण एकत्र बांधून देणाऱ्या कंपन्यांच्या योजनाही आहेत. त्यांचा खर्च १ कोटीच्या आसपास किंवा वरही जातो. त्यांत नोकरीची आशा अधिक असते, हे खरे. पण आशा आणि हमी या दोन शब्दांतील अंतर करारपत्राच्या बारीक अक्षरांत शोधावे लागते.

टाइप रेटिंगची आणखी एक गोम आहे. ते एका जातीच्या विमानापुरते असते. २०१९ च्या मार्च महिन्यात बोइंग ७३७ मॅक्स या विमानांची उड्डाणे आपल्या सरकारने थांबविली. ती पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली ती २०२१ च्या ऑगस्टमध्ये. दोष विमानाच्या रचनेतला, निर्णय सुरक्षिततेसाठी अगदी योग्य. पण त्या जातीच्या विमानांवर नोकरी मिळेल या भरवशावर पैसे भरून बसलेल्या मुलांची मधली अडीच वर्षे कोणाच्याही हिशेबात धरलेली नव्हती.

श्रोतेहो, आता थोडा आकडेमोडीचा त्रास देतो. सर्व मिळून ६० लाखांचे कर्ज घेतले, व्याजाचा दर वार्षिक ११ टक्के आणि फेड दहा वर्षांत, असे धरू. महिन्याचा हप्ता सुमारे ८२ हजार ६०० रुपये होतो, आणि दहा वर्षांत बँकेला ९९ लाखांवर रक्कम द्यावी लागते. नव्या सहवैमानिकाला पगार सामान्यतः दीड-दोन लाखांच्या आसपास, कंपनीगणिक कमीअधिक, मिळतो. त्यातून आयकर गेला, मुंबई-दिल्लीसारख्या शहरातील घरभाडे गेले आणि हप्ता गेला, तरी माणूस जगू शकतो. आरंभीची काही वर्षे ओढीची, पण पुढे कॅप्टन झाल्यावर सुखाची. हे चित्र वाईट नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा अधिकारी हेच चित्र दाखवितो, आणि खोटे दाखवितो असे म्हणता येणार नाही.

पण या चित्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: परवाना मिळाला की लगेच नोकरी. ती दोन वर्षे लांबली असे समजा. ६० लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याचे व्याज ५५ हजार रुपये. दोन वर्षांचे, चक्रवाढ न धरताही, १३ लाख २० हजार. ते मुद्दलात मिळविले म्हणजे कर्ज ७३ लाख २० हजारांचे होते आणि हप्ता १ लाखाच्या वर जातो. विमानात एक तासही न उडता, घरी स्वस्थ बसून, कर्ज एवढे वाढले. शिवाय परवाना काही कपाटात ठेवून द्यावयाची पदवी नव्हे. वैद्यकीय तपासणी वेळोवेळी द्यावी लागते. उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता दर वर्षी चाचणी देऊन टिकवावी लागते. उड्डाणाचा सराव ताजा असावा लागतो. परवान्याची मुदत २०२३ मध्ये पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आली, ही सोय झाली. पण या चाचण्यांचा खर्च त्यामुळे टळत नाही. बी.ए. झालेला बेकार मुलगा घरी बसला तर त्याची पदवी निदान भिंतीवर फुकट राहते.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, खानदेशातील एका तालुक्याच्या गावी राहणारे. त्यांनी मुलाच्या या शिक्षणाचा पैन् पैचा हिशेब एका लांबोड्या वहीत लिहून ठेवला आहे. ती वही त्यांनी मला पाहू दिली. पहिल्या पानावर मोठमोठ्या रकमा आहेत: शुल्काचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले पैसे, घर गहाण ठेवून काढलेले कर्ज. त्यांना मी भ्यालो नाही, कारण त्या अपेक्षितच होत्या. मला विचारात पाडले ते शेवटच्या रकान्याने. त्याचे नाव 'किरकोळ'. दिल्लीत द्वारका भागात लेखी परीक्षांचे वर्ग पुष्कळ आहेत. तेथील खोलीचे भाडे आणि खाणावळ. वैद्यकीय तपासणीसाठी दोनदा प्रवास. हेडफोन, नकाशे, वर्दी. नापास झालेल्या एका विषयाचे शुल्क पुन्हा. पावसाळ्यात उड्डाणे बंद राहिली, पण वसतिगृहाचे भाडे बंद राहिले नाही. एक विमान दुरुस्तीला गेले, प्रशिक्षक नोकरी सोडून गेला, आणि अठरा महिन्यांचे म्हणून सांगितलेले शिक्षण तीन वर्षे चालले. मुलाच्या हाती परवाना आला तो २०१९ च्या अखेरीस. पुढे काय झाले ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या २५ मार्चपासून दोन महिने देशातील प्रवासी विमाने जमिनीवर उभी राहिली, आणि जेव्हा उडू लागली तेव्हा असलेल्या वैमानिकांचेच पगार कापले जात होते. नव्यांना कोण विचारतो? मुलाने एका खासगी बँकेत ठेवी गोळा करण्याची नोकरी धरली आणि तिच्या पगारातून दर वर्षी आपली पात्रता जिवंत ठेवली. सहवैमानिक म्हणून त्याची निवड झाली ती २०२२ च्या अखेरीस. 'किरकोळ' या रकान्याची बेरीज तोपर्यंत ११ लाखांवर गेली होती. गुरुजींनी तिच्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढलेली आहे, इतर बेरजांखाली ओढली आहे तशीच. अधिक काही लिहिलेले नाही.

हा मुलगा सुदैवी म्हणावा लागेल, कारण त्याला नोकरी लागली आणि ज्या कंपनीत लागली ती चालू आहे. या व्यवसायातील दुसरे संकट नोकरी लागल्यानंतरचे आहे. २००३ ते २००६ या काळात आपल्याकडे स्वस्त तिकिटांच्या नव्या कंपन्या निघाल्या आणि वैमानिकांची एवढी टंचाई झाली की परदेशांतून माणसे आणावी लागली. ते पाहून हजारो मुलांनी शिक्षण घेतले. ती शिकून बाहेर पडतात तो २००८ ची जागतिक मंदी आली. नंतर २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९ च्या १७ एप्रिलला जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली. प्रत्येक वेळी पगार आधी लांबले, मग थकले, मग कंपनी गेली. आणि प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात येऊन २०० तासांच्या नवख्यांच्या पुढे रांगेत उभे राहिले. अनुभवी माणसाला डावलून कोण नवख्याला घेईल? म्हणजे बुडालेल्या कंपनीत ज्याने कधी पाऊलही ठेवले नाही, त्या मुलालाही तिच्या बुडण्याची झळ पोहोचते.

या ठिकाणी एका नियमाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. २०१७ साली असा नियम झाला की कॅप्टनने नोकरी सोडताना एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची आगाऊ सूचना दिली पाहिजे. प्रवाशांची गैरसोय होऊ नये हा त्यामागचा हेतू समजतो. सरकारी नोकर या नात्याने नियमांचा मला आदरच आहे. पण कंपनी बंद पडताना वैमानिकाला किती दिवसांची सूचना मिळाली, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना विचारावे.

हा सारा धोका घरानेच का सोसावा, असा प्रश्न येथे उद्भवतो, आणि तो मला या विषयाचा गाभा वाटतो. फार पूर्वी उड्डाण हा श्रीमंतांचा शौक होता. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, आणि १९३२ च्या १५ ऑक्टोबरला त्यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर विमान उतरविले. त्यांच्या तासांचा खर्च कोणाच्या घरावर बोजा म्हणून चढला नव्हता. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४८ मध्ये अलाहाबादजवळ बमरौली येथे सरकारने नागरी उड्डाणाचे शिक्षणकेंद्र काढले. ठिकठिकाणच्या फ्लाइंग क्लबांना सरकार अनुदान देई, त्यामुळे सामान्य घरातील हुशार मुलगाही तेथे जाऊन तास भरू शके. १९५३ मध्ये आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. नोकऱ्या थोड्या होत्या, निवड कठीण होती. पण मालक सरकार होते, आणि शिक्षणाच्या खर्चातला एक वाटा ते उचलीत होते. १९८५ मध्ये फुरसतगंजची राष्ट्रीय उडान अकादमी निघाली तीही त्याच परंपरेत. पुढे १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना आकाश मोकळे झाले. प्रवाशांचा लाभ झाला, यात शंका नाही. ज्यांनी जन्मात विमान पाहिले नव्हते अशी माणसे आज दरभंग्याहून मुंबईला विमानाने येतात. परंतु शिक्षणाच्या खर्चातला तो सरकारी वाटा हळूहळू आटत गेला आणि त्याची जागा बँकेच्या कर्जाने घेतली. फुरसतगंजच्या सरकारी अकादमीचे शुल्कही आता ४५ लाखांच्या घरात आहे.

आजची व्यवस्था अशी आहे की कंपन्या विमाने बहुधा भाड्याने घेतात, आणि धंदा बसला तर ती भाडेकऱ्यासारखी परत जातात. विमानतळ सरकार किंवा मोठे भांडवलदार बांधतात. त्या विमानात पुढे बसणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचे भांडवल मात्र तालुक्याच्या गावचा एखादा मुख्याध्यापक पुरवितो, आणि ते परत करावयाची सोय त्यात नाही. मला हे न्याय्य वाटत नाही. उपाय माहीत नाहीत असेही नाही. विमानतळावरील जागेबद्दल प्रशिक्षणसंस्थांना द्यावा लागणारा स्वामित्वशुल्काचा भाग २०२० मध्ये रद्द झाला, आणि २०२१ मध्ये जळगाव, बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामातील लीलाबारी येथील विमानतळांवर नव्या संस्थांना जागा देण्यात आल्या. त्याने तास अधिक मिळतील. पण तास अधिक मिळणे ही एक गोष्ट आणि त्यांचा धोका वाटून घेणे ही दुसरी. ज्या कंपन्यांना माणसे हवी आहेत त्यांनी निवड आधी करावी, खर्चाचा भाग उचलावा आणि तो पुढे पगारातून वळता करून घ्यावा, हे अशक्य का असावे?

तोपर्यंत ज्या घरांत हा प्रश्न आज विचारला जात आहे, त्यांनी काय करावे? नाउमेद करण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. हा व्यवसाय उत्तम आहे. आणि वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण आपल्या देशात इतर पुष्कळ देशांहून अधिक आहे, याचा मला अभिमान वाटतो. मुलासाठी शेत गहाण टाकणारा बाप मुलीच्या वेळी हात आखडतो, हे मात्र अजूनही पाहावयास मिळते. तसे करण्यास हिशेबात काही आधार नाही.

एक रुपयाही भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि ती पहिल्या वर्गाची. रंगांधळेपणा असलेल्या मुलाला तो आहे हे कित्येकदा माहीतही नसते. डोळे, कान, हृदय यांतील एखादा दोष शुल्क भरल्यानंतर निघाला तर ते पैसे सहसा परत येत नाहीत. पुढेही हा परवाना शरीराशी बांधलेला राहतो. तपासण्या जन्मभर चालू राहतात, साठीनंतर तर दर सहा महिन्यांनी. आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी प्रवासी विमानाचे काम थांबते. चाळिशीत आलेला एक आजार कॅप्टनला जमिनीवर आणू शकतो. म्हणून परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा असतो, तो घ्यावा. आणि नोकरी लागण्याआधी किंवा लागल्याबरोबर मुलाने दुसरी एखादी पदवी, बहिःशाल पद्धतीने का होईना, पुरी करावी. ज्या मुलाने बँकेत नोकरी करून दोन वर्षे काढली त्याला ती नोकरी त्याच्या परवान्यामुळे मिळाली नव्हती, बी.कॉम.मुळे मिळाली होती.

कर्जाला बँक तारण मागतेच. राहते घर तारण द्यावयाचे की नाही, याचा निर्णय मुलाच्या हौसेच्या भरात होऊ नये. माझा साधा ठोकताळा असा: परवाना मिळाल्यानंतर दोन वर्षे नोकरी लागली नाही तरी ज्या घराला हप्ता भरता येईल, त्या घराने हे कर्ज घ्यावे. हा ठोकताळा कठोर वाटेल. पण २००८ मध्ये आणि २०२० मध्ये ज्यांना तो लागू पडला त्यांना तो सौम्यच वाटला असता.

पैशाचे पाठबळ नाही पण आकाशाची ओढ खरी आहे, अशा मुलामुलींसाठी एक जुना मार्ग अजून आहे. पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी बारावीनंतर प्रवेश देते, २०२२ पासून मुलींनाही. हवाई दलात जो उडावयास शिकतो त्याचा खर्च देश करतो. त्याच्या बदल्यात आयुष्याची बरीच वर्षे द्यावी लागतात आणि प्राणाचीही तयारी ठेवावी लागते. तो सौदा केवळ पैशाच्या मापाने करावयाचा नव्हे. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिकाच्या शिक्षणाचा अंतर्भाव आहे. जागा मोजक्या असतात, म्हणून चौकशी समाजकल्याण कार्यालयात प्रवेशापूर्वी करावी, प्रवेशानंतर नव्हे.

आणि संस्था निवडताना, सारे शुल्क एकदम मागणाऱ्या संस्थेला ते देऊ नये; जेवढे तास झाले तेवढे पैसे, हीच रीत धरावी. महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षणसंस्थांची प्रतवारी जाहीर करण्यास आरंभ केला आहे, ती पाहावी. पण केवळ तिच्यावर विसंबू नये. एक दिवस काढून प्रत्यक्ष तेथे जावे. विमाने किती आहेत हे न विचारता त्या दिवशी उडण्याजोगी किती आहेत ते विचारावे, आणि प्रशिक्षक किती, विद्यार्थी किती, ते. मग वसतिगृहात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याची उड्डाणाची नोंदवही दाखविण्याची विनंती करावी. तिच्यात प्रत्येक उड्डाणाची तारीख लिहिलेली असते. एका उड्डाणानंतर दुसरे किती दिवसांनी झाले, हे त्या वहीवरून पंधरा मिनिटांत कळते.